मेन्यूतलं चालू पान आपोआप उठून दिसण्यासाठी: स्टॅटिक वेबसाइटची सविस्तर कृती

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या चादर-टॉवेल कारखान्याची वेबसाइट डोळ्यांपुढे आणा. वर मेन्यू आहे: मुख्यपान, चादरी, टॉवेल, घाऊक, संपर्क. गुलबर्ग्याचा व्यापारी व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबून थेट घाऊक दरांच्या पानावर उतरतो. मेन्यूतले पाचही शब्द एकाच रंगाचे, एकाच जाडीचे. आपण आलोय कुठे हे त्याला कळत नाही, मग तो 'घाऊक'वरच पुन्हा टिचकी मारतो. पान पुन्हा उघडतं, बदलत काहीच नाही, आणि साइट बिघडली आहे असं समजून तो निघून जातो.

एसटी स्टँडवरच्या नकाशात 'आपण येथे आहात' असा ठिपका असतो, तेच काम मेन्यूत करायचं आहे. पण ते पानापानावर हाताने नको, आपोआप व्हायला हवं. (खाली टॅग, गुणधर्म आणि आज्ञा यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकायची.)

आधी खूण कोणती ते ठरवा

बहुतेक जण लिंकला 'ॲक्टिव्ह' नावाचा क्लास देतात आणि त्याला रंग लावतात. डोळ्यांना ते पुरतं, स्क्रीन रीडरला (ज्यांना दिसत नाही त्यांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनाला) मात्र त्यातून काहीच कळत नाही. यासाठी 'एरिया-करंट' हा गुणधर्म आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस म्हणून २०१७ साली आलेल्या वाय-एरिया १.१ या सुलभतेच्या मानकात तो आला. लिंकवर त्याची किंमत 'पेज' ठेवली की एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारखं साधन लिंकच्या नावासोबत 'चालू पान' अशा अर्थाचे शब्द बोलून दाखवतं. सजावटही याच गुणधर्मावर टांगायची, म्हणजे वेगळा क्लास लागत नाही. डोळ्यांना एक आणि कानांना दुसरंच, असंही मग होत नाही.

सीएसएसमधला 'ॲक्टिव्ह' हा छद्मवर्ग (घटकाच्या स्थितीनुसार ब्राउझर स्वतःच लावतो तो वर्ग) यासाठी नाही. बोट किंवा माउस दाबलेला असतो तेवढाच वेळ तो लागू असतो. 'व्हिजिटेड'ही नाही, कारण तो पूर्वी पाहिलेल्या सगळ्याच लिंकांना लागतो. 'लोकल-लिंक' नावाचा छद्मवर्ग सिलेक्टर्सच्या चौथ्या आवृत्तीच्या मसुद्यात आहे खरा, पण ब्राउझर तो चालवत नाहीत. त्यामुळे निव्वळ सीएसएसवर हे काम निभत नाही.

पानं मोजा, मग पद्धत निवडा

पाच पानं असतील आणि वर्षातून एखादाच बदल होत असेल, तर सरळ हाताने लिहा. प्रत्येक फाइलमध्ये त्या पानाच्या लिंकला एरिया-करंट लावला की दहा मिनिटांत काम झालं. पण जानेवारीत गड्डा यात्रेसाठी सवलतीचं एक पान जोडायचं ठरलं की पाच जुन्या आणि एक नवी अशा सहा फाइलींतला मेन्यू बदलावा लागतो. यात्रा संपली की पाच फाइली पुन्हा उघडायच्या. त्यात एखादी फाइल दुसरीची नक्कल करून बनवलेली असते आणि जुनी खूण तिच्यात तशीच राहते, मग 'संपर्क' पानावर 'टॉवेल' उजळलेलं दिसतं. हाताने लिहिलेल्या साइटींत सर्वात जास्त सापडणारी चूक हीच.

दहा-बारा पानांच्या पुढे गेलात तर जेकिल, ह्यूगो, इलेव्हंटी, ॲस्ट्रो यांपैकी एखादा जनरेटर (साच्यातून सगळी पानं बनवून देणारा प्रोग्रॅम) वापरा आणि पान तयार होतानाच खूण लावून घ्या. मेन्यू एकाच फाइलीत राहतो. मेन्यूची यादी डेटा फाइलीत ठेवायची, साच्यात तिच्यावर लूप फिरवायचा आणि प्रत्येक नोंदीचा पत्ता चालू पानाच्या पत्त्याशी ताडून पाहायचा. जेकिल आणि इलेव्हंटीत चालू पानाचा पत्ता 'पेज डॉट यूआरएल'मध्ये मिळतो, ॲस्ट्रोत 'ॲस्ट्रो डॉट यूआरएल डॉट पाथनेम'मध्ये. ह्यूगोत तुलना स्वतः करायची गरजच नाही. 'इज-मेन्यू-करंट' नेमक्या पानासाठी आणि 'हॅज-मेन्यू-करंट' त्याच्या पोटातल्या पानांसाठी अशी दोन तयार फंक्शनं आहेत.

ह्यूगोत एक फसगत हमखास होते. बिल्ड लवकर व्हावी म्हणून मेन्यूचा तुकडा 'पार्शल-कॅश्ड'ने (एकदा बनलेला तुकडा साठवून पुन्हा वापरणाऱ्या आज्ञेने) घेतला, की पहिल्या पानासाठी बनलेला मेन्यूच सगळ्या पानांवर चिकटतो आणि दोनशे पानांवर एकच नोंद उजळलेली राहते. अशा वेळी साधा 'पार्शल' वापरा, किंवा कॅशला पानाचा पत्ता वेगळेपणाची किल्ली म्हणून द्या. दुसरा पर्याय घेतला तर कॅशचा फायदा जवळजवळ उरत नाहीच, म्हणून साधा पार्शलच बरा.

दुसरी फसगत साच्यात होते. चालू नसलेल्या नोंदींना गुणधर्म अजिबात लावायचा नाही. 'फॉल्स' किंवा रिकामी किंमत लिहिली तर स्क्रीन रीडर गप्प राहतो, पण सीएसएसमध्ये कंसात नुसतं गुणधर्माचं नाव असेल तर ते रिकाम्या आणि 'फॉल्स' किमतीलाही लागू होतं. परिणामी सगळा मेन्यू उजळतो. सीएसएसमध्ये नेहमी किमतीसकट लिहा.

जनरेटरही नको आणि पानापानावर हाताने खूण लावणंही नको, अशांसाठी जावास्क्रिप्ट आहे. खरी मेख इथेच असल्यामुळे तिच्याकडे जरा सावकाश पाहू.

जावास्क्रिप्टची कृती

कल्पना सोपी आहे. ब्राउझरला चालू पत्ता विचारायचा, मेन्यूतल्या प्रत्येक लिंकचा पत्ता घ्यायचा आणि जुळला की खूण लावायची. सगळा कोड दहा-पंधरा ओळींत बसतो. चुका होतात त्या 'जुळला' म्हणजे नेमकं काय यात.

१. मेन्यू नॅव्ह टॅगमध्ये ठेवा आणि सर्व लिंका साइटच्या मुळापासून, म्हणजे तिरक्या रेघेने सुरू करून लिहा. पत्त्यात डोमेनचं नाव घालू नका. घातलंत आणि ग्राहक त्रिपल-डब्ल्यूशिवाय आला, तर होस्ट वेगळा ठरतो आणि कुठेच खूण लागत नाही.

२. चालू पत्त्यासाठी 'लोकेशन डॉट पाथनेम' वापरा. 'लोकेशन डॉट एचरेफ' वापरू नका. एचरेफमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भागही येतो. फेसबुकवरून आलेल्या ग्राहकाच्या पत्त्याला 'एफबीक्लिड'चं लांबलचक शेपूट असतं. त्यामुळे तुमच्या संगणकावर सगळं ठीक दिसतं आणि जाहिरातीवरून आलेल्यांना खूण दिसत नाही. पाथनेममध्ये हे शेपूट येत नाही, हॅशपुढचा भागही येत नाही.

३. लिंकचा पत्ता घेताना 'गेट-ॲट्रिब्यूट'ने एचरेफ वाचू नका. त्यातून तुम्ही टंकलेला कच्चा मजकूर मिळतो. लिंकचा स्वतःचा 'पाथनेम' वाचा, म्हणजे ब्राउझरने सोडवलेला पूर्ण मार्ग मिळतो. दोन्ही बाजू ब्राउझरच्या एकाच गाळणीतून आल्या की निम्मी भांडणं मिटतात.

४. लिंकचा होस्ट साइटच्या होस्टपेक्षा वेगळा असेल तर ती लिंक सोडून द्या. हे विसरलात तर एक गंमत होते: मेन्यूत दुसऱ्या एखाद्या साइटच्या मुख्यपानाची लिंक असेल तर तिचा मार्गही नुसती तिरकी रेघच असतो. तुमच्या मुख्यपानावर मग दोन नोंदी उजळतात. 'टेल' आणि 'मेलटू'च्या लिंकांचा होस्ट रिकामा असतो, त्याही याच चाळणीत गळतात.

५. दोन्ही मार्ग धुऊन घ्यायला एक लहान फंक्शन लिहा. आधी शेवटचं 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' काढायचं, मग शेवटचं 'डॉट एचटीएमएल', आणि शेवटी तिरकी रेघ नसेल तर लावायची. क्रम उलटा केला तर 'डॉट एचटीएमएल' आधी उडतं आणि 'इंडेक्स' मागे उरतं. एकच पान '/टॉवेल', '/टॉवेल/', '/टॉवेल.एचटीएमएल' आणि '/टॉवेल/इंडेक्स.एचटीएमएल' अशा चार पत्त्यांवर उघडू शकतं. कोणता पत्ता चालेल ते होस्टिंगवर अवलंबून असतं. गिटहब पेजेस तर 'डॉट एचटीएमएल'सकट आणि त्याशिवायही तीच फाइल देतं.

६. धुतलेले मार्ग तंतोतंत सारखे असतील तर किंमत 'पेज' लावा.

७. सारखे नसतील, पण चालू मार्ग लिंकच्या मार्गाने सुरू होत असेल, तर ते पोटातलं पान आहे. 'टॉवेल'च्या आत 'नॅपकिन' उघडलं असेल तर मेन्यूत 'टॉवेल' उजळलं पाहिजे, पण किंमत 'पेज' ऐवजी 'ट्रू' द्या, कारण ग्राहक नेमक्या त्या पानावर नाही. शेवटची तिरकी रेघ इथे उपयोगी पडते. ती नसेल तर '/टॉवेल-घाऊक' हेसुद्धा '/टॉवेल'नेच सुरू होतं आणि भलतीच नोंद पेटते.

८. मुख्यपानाला सातवी पायरी लावायची नाही. प्रत्येक मार्ग तिरक्या रेघेनेच सुरू होतो, त्यामुळे 'मुख्यपान' कायमचं उजळून बसेल. इथे बरेच जण 'मार्ग नुसती तिरकी रेघ असेल तर वगळा' असं लिहितात. ते सोलापुरात अपुरं पडतं. इथल्या बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि कन्नड चालतं, तेव्हा साइटही तीन भाषांत असणं साहजिक आहे. '/ते/' हे तेलुगू मुख्यपान झालं, आणि सगळी तेलुगू पानं त्यानेच सुरू होणार. गिटहब पेजेसवर साइट रेपोच्या (तिथल्या प्रकल्पाच्या फोल्डरच्या) नावाखाली असेल तरी हाच घोळ होतो. म्हणून अशा लिंकांवर 'डेटा-नेमकं' सारखा आपलाच एखादा गुणधर्म ठेवा आणि तो दिसला की फक्त तंतोतंत तुलना करा.

स्क्रिप्ट ठेवायची कुठे? नॅव्ह टॅग बंद होतो त्याच्या लगेच खाली, पानातच. तोवर मेन्यू वाचून झालेला असतो, त्यामुळे सहसा पान रंगण्याआधीच खूण लागते. वेगळ्या फाइलीत ठेवून 'डिफर' लावलंत तरी चालतं, पण मंद नेटवर्कवर मेन्यू आधी साधा दिसतो आणि मग एकदम उजळतो. हेडमध्ये 'डिफर'शिवाय ठेवलंत तर स्क्रिप्टला मेन्यू सापडतच नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चूकही दिसत नाही, कारण रिकाम्या यादीवर लूप गुपचूप शून्य वेळा फिरतो.

मेन्यूची फाइल 'फेच'ने आणून पानात ओतत असाल तर खूण लावणारं फंक्शन ओतल्यानंतर, त्याच साखळीत बोलवा. पान लोड झाल्याच्या घटनेवर टांगलंत तर कधी खूण लागते, कधी लागत नाही. असा बिघाड शोधताना दिवस जातो.

देवनागरी पत्ते

मराठी साइटींना हा भाग जास्त लागतो. फोल्डरचं नाव 'चादर' असं देवनागरीत ठेवलं तर पत्त्याच्या पट्टीत 'चादर' दिसतं, पण पाथनेम विचारल्यावर टक्क्याच्या खुणांची माळ हाती येते. हिशोब असा: यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट टक्का अधिक दोन अक्षरं अशा ३ खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ खुणा. 'चादर'मध्ये च, काना, द, र अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे ३६ खुणा. 'टॉवेल'च्या ४५.

तुलनेत एका बाजूला टंकलेलं 'चादर' आणि दुसऱ्या बाजूला ही माळ असेल तर ती कधीच जुळणार नाही. तिसऱ्या पायरीप्रमाणे दोन्ही पाथनेम ब्राउझरकडूनच घेतले असतील तर बहुतेक वेळा निभावतं. पण कोणी मेन्यूत टक्क्यांची माळच चिकटवली असेल आणि तिच्यातली रोमन अक्षरं लहान असतील, तर ब्राउझर ती मोठी करून देत नाही आणि तुलना फसते. म्हणून धुण्याच्या फंक्शनमध्ये सर्वांत आधी 'डिकोड-यूआरआय' चालवा. पत्त्यात अर्धवट तुटलेली टक्का-खूण असेल तर ही आज्ञा चूक फेकते आणि पुढची स्क्रिप्ट थांबते, तेव्हा ती 'ट्राय-कॅच'मध्ये ठेवा.

त्यानंतर 'नॉर्मलाइज', एनएफसी रूपात. 'ऱ' हे अक्षर एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि 'र'खाली नुक्ता देऊनही. दिसायला सारखं, आतून वेगळं. नॉर्मलाइजने ही दोन्ही रूपं एक होतात. 'ॲ'ला मात्र हा उपाय चालत नाही. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन काम भागवलं जायचं, आणि काही कीबोर्ड आजही तसंच टंकतात. युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समान नाहीत, त्यामुळे 'ॲप्रन' नावाचं फोल्डर एका कीबोर्डने बनवलं आणि लिंक दुसऱ्याने टंकली तर खूण राहिली बाजूला, पानच ४०४ ('पान सापडलं नाही') देतं. इलाज एकच: नाव टंकायचं नाही, फोल्डरवरून कॉपी करून चिकटवायचं.

नवीन साइट करत असाल तर आमचं मत स्पष्ट आहे. पत्ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत ठेवा, आणि मेन्यूत दिसणारे शब्द मराठीत. क्रोममधून देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांची लांब माळ दिसते, आणि ती पाहून ग्राहकाला लिंक संशयास्पद वाटते. लहान अक्षरांचं कारण वेगळं आहे: विंडोजवर फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर सहसा सारखंच धरलं जातं, लिनक्स सर्व्हरवर नाही.

दिसायला कसं असावं

नुसता रंग बदलू नका. रंगांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी खूण नसल्यासारखीच. जाड अक्षर हा सोपा उपाय वाटतो, पण जाड शब्द जास्त जागा घेतो आणि पान बदललं की मेन्यू डावी-उजवीकडे सरकतो. शिवाय फॉन्टचं जाड रूप लोड केलेलं नसेल तर ब्राउझर खोटं जाड करतो आणि शिरोरेषा फुगून मात्रा एकमेकींत मिसळतात.

खालची किनार, चादरीच्या काठासारखी, चांगली दिसते. ती बॉर्डरने काढायची तर सगळ्या लिंकांना ३ पिक्सेलची पारदर्शक बॉर्डर देऊन चालू लिंकची रंगीत करतात, म्हणजे उंची हलत नाही. पण विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये पारदर्शक बॉर्डरही रंगीत होतात आणि पाचही नोंदींखाली काठ येतो. त्यापेक्षा 'टेक्स्ट-डेकोरेशन'ची अधोरेखाच द्या. ती जागा खात नाही आणि त्या मोडमध्येही टिकते. जाडी ३ पिक्सेल आणि 'अंडरलाइन-ऑफसेट' ०.४ एम ठेवून पाहा. एवढं अंतर नसेल तर 'मुख्यपान'मधल्या उकाराशी रेघ तुटते, कारण ब्राउझर अक्षराच्या खाली लोंबणाऱ्या भागाभोवती रेघ कापतो. अंतर पुरेसं झालं की 'स्किप-इंक' बंद करा, रेघ सलग येते. वरच्या बाजूला रेघ देण्याचा मोह टाळा. देवनागरीत तिथे शिरोरेषा आधीच आहे.

अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा जेमतेम या मर्यादेत बसतो, त्याहून फिकट नको. हॉव्हरचं आणि चालू पानाचं रूपही वेगळं ठेवा. फोनवर टिचकीनंतर हॉव्हर चिकटून राहतो, मग दोन नोंदी उजळलेल्या दिसतात.

फोनवर मेन्यू आडवा सरकणारा असेल तर चालू नोंद पडद्याबाहेर राहू शकते. खूण लावल्यावर त्या लिंकवर 'स्क्रोल-इंटू-व्ह्यू' चालवा, आडव्या दिशेला 'सेंटर' आणि उभ्या दिशेला 'निअरेस्ट'. उभ्या दिशेची किंमत दिली नाही तर मेन्यू वर आणण्याच्या नादात सगळं पानच उडी मारू शकतं.

तपासणी

फाइलवर दोनदा टिचकी मारून तपासू नका. तसं केल्यावर पत्ता 'फाइल'ने सुरू होतो, पाथनेममध्ये सी ड्राइव्हपासूनचा अख्खा मार्ग येतो आणि तिरक्या रेघेच्या लिंका तुटतात. पायथन असेल तर साइटच्या फोल्डरमधून त्याचा 'एचटीटीपी डॉट सर्व्हर' ८००० पोर्टवर सुरू करा आणि लोकलहोस्टवर पाहा.

एकाच पानाचे हे पत्ते उघडा: तिरक्या रेघेसह, तिच्याशिवाय, इंडेक्स फाइलीसह, प्रश्नचिन्हापुढे काहीतरी जोडून, हॅश जोडून. नंतर पोटातलं एक पान, प्रत्येक भाषेचं मुख्यपान आणि मुद्दाम चुकीचा पत्ता. प्रत्येक ठिकाणी कन्सोलमध्ये एरिया-करंट 'पेज' असलेले घटक मोजा. मेन्यू फक्त वर असेल तर मेन्यूतल्या पानांवर १, तळालाही तोच मेन्यू असेल तर २. या पानांवर शून्य आलं तर तुलना फसली. जास्त आलं तर बहुधा परक्या होस्टची लिंक सुटली किंवा एकच लिंक मेन्यूत दोनदा आहे.

जनरेटरने बनवलेल्या साइटसाठी तयार झालेल्या फोल्डरवर 'ग्रेप' ही फाइलींत मजकूर शोधणारी आज्ञा चालवा. नुसतं 'सी' हे अक्षर देऊन मोजू नका, ते ओळी मोजतं आणि मिनिफाय केलेल्या (मोकळ्या जागा काढून लहान केलेल्या) पानात सगळं एकाच ओळीत असतं, त्यामुळे तीन चुकीच्या खुणा असल्या तरी उत्तर १ येतं. 'ओ' देऊन प्रत्येक आढळ वेगळा काढा आणि तो मोजा. मोठं 'एल' दिलं की खूण नसलेल्या फाइलींची यादी मिळते. त्या यादीत ४०४ चं पान आणि मेन्यूत नसलेली किंवा पोटातली पानं असायला हरकत नाही. 'घाऊक' दिसलं तर साच्यातला पत्ता शेवटच्या तिरक्या रेघेसकट आहे का ते आधी बघा.